संगणकात उघडलेल्या दाराबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी साहेब,
तांत्रिक प्रशिक्षण संस्था,
तळमजला, कोपऱ्यातली खोली.

(मार्फत: तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोरीने सोडलेली टोपली)

विषय: प्रयोगशाळा क्रमांक सहाचे दार उघडून आतील तीन इसमांना येत्या शुक्रवारच्या आत बाहेर काढण्याबाबत, तसेच मोफत सिम्युलेशन सॉफ्टवेअरची निवड पूर्ण झाल्याचे कळविण्याबाबत.

संदर्भ: १) विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीस मनाई करणारे आपले परिपत्रक. २) आमचे दिनांक ७, ९ व १२ चे अर्ज. ३) त्यांवरील आपली उत्तरे.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, मी या संस्थेत अडतीस वर्षे उपकरणपाल होतो, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो, आणि दिनांक ७, सोमवारी सकाळी अकरा वाजता ‘दोन तासांचं काम आहे नाना, या जरा’ या आपल्याच निरोपावरून प्रयोगशाळा क्रमांक सहामध्ये आलो. आज बुधवार, दिनांक १६. ते दोन तास अजून संपलेले नाहीत. माझ्यासोबत गणिताच्या बाई आणि संस्थेचे वायरमन आहेत. आम्ही तिघे मिळून आपण नेमलेली ‘मोफत सिम्युलेशन सॉफ्टवेअर निवड समिती’ आहोत. समितीची पहिली बैठक सुरू झाल्याबरोबर समितीच्या पाठीमागे दार लागले. ती बैठक तेव्हापासून सलग चालू आहे.

२. कामाच्या गर्दीत साहेबांच्या स्मरणातून गेले असेल म्हणून पार्श्वभूमी नमूद करतो. गेल्या वर्षी वायरमननी तास बदलण्याची घंटा दुरुस्त केली, ती तीन दिवस सलग वाजत राहिली. चौथ्या दिवशी ती थांबली तेव्हा शांततेला दचकून दोन वर्ग धावत रस्त्यावर आले. मी त्या दिवशी हयातीच्या दाखल्यासाठी आलो होतो, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिले आहे. (ही माझी नेहमीची थाप असल्याचा शेरा कार्यालयाने मारला आहे. कार्यालयाच्या मते रस्त्यावर एकच वर्ग आला. मी दीड वर्गावर तडजोड करण्यास तयार आहे.) त्यानंतर आपण परिपत्रक काढले की, यापुढे विजेच्या कोणत्याही उपकरणाला हात लावण्यापूर्वी त्याचे सिम्युलेशन करावे, म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल संगणकात चालवून पाहावी, आणि नक्कल नीट चालली तरच पकड उचलावी. त्यासाठीचे सॉफ्टवेअर फुकटातले असावे. त्यात सर्किटेही चालावीत आणि हलती-डुलती यंत्रेही. आणि ते कोणते, हे समितीने ठरवावे. तोवर दुरुस्ती बंद. परिपत्रकाविषयी तक्रार नाही. त्याची एक प्रत आमच्या दाराला आतून चिकटवलेली असल्याने ते रोज वाचनात येते, आणि बाईंना तर तोंडपाठ झाले आहे.

३. सदर दार लोखंडी असून त्याला प्रायोगिक तत्त्वावर, संस्थेत फक्त याच एका दाराला, विजेचे कुलूप बसवले आहे. कार्ड दाखवले की कुलपातल्या कॉइलला वीज मिळते, ती खिटी आत ओढून घेते आणि दार उघडते. वीज नसेल तर खिटी बाहेर आणि दार बंद. किल्लीचे भोक ‘ही जुनाट पद्धत आहे’ म्हणून वेल्डिंग करून बुजवले आहे. सोमवारी एक वाजता आम्ही तिघांनी आपापली कार्डे दाखवली. मग एकमेकांची दाखवली. मग बाईंनी ग्रंथालयाचे कार्ड, वायरमननी रक्तगटाचे कार्ड आणि मी हयातीचा दाखला दाखवून पाहिला. दाराला आमच्या हयातीशी काही देणेघेणे दिसले नाही.

४. वायरमनचे म्हणणे असे की, संगणकाच्या बॅटरीपासून दोन तारा ओढून कॉइलला टेकवल्या की पाच मिनिटांत सगळे बाहेर. परंतु घंटेच्या प्रकरणात त्यांना शेवटची ताकीद मिळालेली आहे. पुन्हा विनापरवाना हात लावल्यास कायमचे घरी बसवण्यात येईल, असे त्यात लिहिले आहे. ‘घरी बसायला मी तयार आहे नाना,’ असे ते पहिल्या दिवशी म्हणाले, ‘पण त्यासाठी आधी घरी तर जाऊ द्या!’ तारा मी किंवा बाईंनी जोडाव्यात, असेही सुचले होते. त्यावर आपल्या आवक-जावक कारकुनांनी टोपलीतून लेखी कळवले की, खोलीत कोणीही हात लावला तरी तो वायरमनचाच समजण्यात येईल. सबब एकच मार्ग उरला: सॉफ्टवेअर निवडायचे, त्यात कुलपाची नक्कल करायची, अहवाल पाठवायचा आणि परवानगी मिळवायची. सॉफ्टवेअर निवडण्याचा अधिकार फक्त आम्हाला आहे, आणि आम्ही फक्त आत आहोत.

५. पहिले सॉफ्टवेअर सर्किटवाले होते. फार साधे आणि मनमिळाऊ. तारा, रोधक, कॉइल अशी चित्रे माऊसने उचलायची आणि जोडायची. बाईंनी दुपारभरात कुलपाचे सर्किट त्यात बसवले: बारा व्होल्टचा पुरवठा, तीस ओहमची कॉइल. सॉफ्टवेअरने तत्काळ सांगितले की प्रवाह शून्य दशांश चार अँपिअर, कॉइल उत्तम, कुलूप उत्तम. आम्ही तिघे आनंदाने उठून दाराजवळ गेलो. दार बंदच. ‘त्याला दार म्हणजे काय ते ठाऊकच नाही,’ असे बाई म्हणाल्या, ‘त्याचं जग तारेपाशीच संपतं.’ तरीही नियमाप्रमाणे अहवाल खाली पाठवला. त्यावर दिनांक ८ रोजी आपले उत्तर आले, ते असे: ‘अहवालावरून कुलूप सुस्थितीत असून दार उघडते असे दिसून येते. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. दार उघडे असताना तीन इसम कार्यालयीन जागेत रात्रंदिवस मुक्काम का करीत आहेत, याचा खुलासा चोवीस तासांत सादर करावा.’

६. खुलासा दिनांक ९ च्या अर्जाने सादर केला. त्यात आम्ही दार बंद असल्याचे तीन वेळा लिहिले. परंतु कारकुनांचे म्हणणे पडले की, एका बाजूला सॉफ्टवेअरचा अहवाल आणि दुसऱ्या बाजूला लोणकढेनानांचा शब्द. फाइलीने कोणावर विश्वास ठेवावा? (लोणकढेनाना हे माझे कार्यालयातील नाव आहे. १९ नंबरचा ट्रान्सफॉर्मर मुंगसाने दुरुस्त केल्याची हकीकत मी सांगत असे, त्यावरून ते पडले. त्या मुंगसाविषयी मी आजही एक शब्द मागे घेणार नाही, परंतु तो या अर्जाचा विषय नाही.)

७. म्हणून दुसरे सॉफ्टवेअर घेतले. हे हलत्या यंत्रांचे. यात चौकोन काढून बाणांनी जोडायचे: एक चौकोन दाराच्या वजनाचा, एक स्प्रिंगचा, एक बिजागरीचा. दाराचे वजन हवे म्हणून आम्ही तिघांनी दाराला खांदे लावून अंदाज घेतला. तो एकशे चाळीस किलो निघाला, आणि माझा खांदा अजून दुखतो. या सॉफ्टवेअरमध्ये दार उघडले. उघडले, मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. घर्षणाचा आकडा घालायचा राहिला होता, त्यामुळे ते पंख्यासारखे फडफडतच राहिले. बाई ती आकृती बघत बसल्या आणि एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, ‘निदान ह्यात तरी वारा येत असेल.’ आमच्या खोलीला एकच खिडकी आहे, गजांची, आणि दुपारी तीननंतर हवा अशी होते की कालची हवा आज पुन्हा वापरत आहोत असे वाटते. सदर अहवालावर आपले दिनांक ११ चे उत्तर मिळाले: ‘दार सेकंदाला दोन वेळा उघडते असे दिसते. यापैकी नेमक्या कोणत्या वेळी बाहेर पडावयाचे आहे, ते तीन दिवस आधी अर्जाने कळवावे.’ आम्ही दिनांक १२ रोजी ‘कोणत्याही’ असे कळवले. ‘कोणत्याही ही वेळ नाही’ म्हणून अर्ज परत आला.

८. येथवर मी कुरकुर केली नाही. टेबलावर झोपतो, खोलीतल्याच मोरीत अंघोळ करतो, टोपलीतून तिघांचे डबे वर येतात, ते खातो. परंतु आता माझ्या पत्नीचा प्रश्न आला आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असून उजव्याचे ऑपरेशन परवा, शुक्रवारी दिनांक १८ रोजी सकाळी नऊ वाजता ठरले आहे. ही तारीख मिळायला चार महिने लागले, आणि चुकल्यास पुढची पावसाळ्यानंतर. डोळा आता थांबण्याच्या स्थितीत नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. परंतु तिने त्यांना निक्षून सांगून ठेवले आहे की, आमचे हे जवळ येऊन बसल्याशिवाय माझ्या डोळ्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. ती भित्री नाही. एकदा तिने घरात शिरलेल्या चोराला बसवून त्याच्याकडून माळ्यावरचे डबे काढून घेतले होते. (हे खरे आहे. डबे सात होते.) पण डोळ्याचे नाव काढले की तिचा हात माझी बाही शोधतो.

९. ती रोज सकाळी फाटकाबाहेरच्या रस्त्यावर येऊन उभी राहते आणि वर ओरडते. तिचे कालचे शब्द कार्यालयाच्या माहितीसाठी जसेच्या तसे देतो: ‘अहो, त्या संगणकात दार उघडलं म्हणे! मग तुम्हीही संगणकातूनच या की घरी! नाहीतरी चाळीस वर्षं अर्धे तिकडेच होतात!’ रस्त्यावरचे लोक हसले. मीही हसलो. परंतु साहेब, ती हे सर्व मजल्यावरच्या रांगेतल्या चौथ्या खिडकीकडे बघून बोलत होती. मी तिसऱ्या, म्हणजे आमच्या खोलीच्या खिडकीत उभा होतो, हात गजांबाहेर काढून हलवत होतो. शेवटी वायरमननी माझा पांढरा रुमाल झाडूला बांधून फडकवला, तेव्हा ती म्हणाली, ‘दिसलात, दिसलात, बरे आहात ना,’ आणि पुन्हा चौथ्या खिडकीला हात करून निघून गेली.

१०. ती गेल्यावर वायरमन बॅटरीजवळ गेले आणि तारेचे टोक सोलू लागले. म्हणाले, ‘काकूंच्या डोळ्यापुढं माझी नोकरी काय मोठी लागून गेली, नाना? जोडतो.’ त्यांना दोन मुली आहेत, धाकटी अजून बोबडी आहे. ती टोपलीत रोज बापासाठी एक चित्र पाठवते, त्यात आम्ही तिघे आणि दार असतो आणि दार नेहमी उघडे असते. मी त्यांच्या हातातून पकड काढून घेतली, हत्यारांच्या पेटीत टाकली, झाकण लावले आणि पेटीवर बसलो. तेव्हापासून मी पेटीवरच बसून आहे. हा अर्जही तिच्यावर बसूनच लिहीत आहे, म्हणून अक्षर तिरके आले आहे, त्याबद्दल क्षमा असावी. मी उठलो तर ते जोडतील, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. नऊ दिवस मला वाटत होते की मला दाराने कोंडले आहे. कालपासून मला या पेटीने कोंडले आहे.

११. बसल्या जागेवरून मी त्यांना म्हटले, दुरुस्ती करू नका, पण मोजायला काय हरकत आहे? परिपत्रकात मोजण्यास मनाई नाही. बाईंनी पाठ म्हणून दाखवले. मग त्यांनी कार्ड दाराशी धरले, वायरमननी मीटरच्या दोन सुया कुलपाच्या टोकांना लावल्या आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘बाई, तुमच्या चित्रात बारा व्होल्ट आहेत ना? इथं शून्य आहे.’ बाईंनी कपाळाला हात लावला. महोदय, ही चूक सर्वस्वी समितीची असून ती कबूल करतो. चित्रात पुरवठ्याचे वर्तुळ काढून त्यात बारा लिहिले की सॉफ्टवेअर बारा धरून चालते. ते कधीही खाली जाऊन प्लग लावला आहे का हे बघत नाही. आम्हीही बघितले नाही. नऊ दिवस आम्ही दाराची, खिटीची आणि एकमेकांची तपासणी केली; वीज मात्र सर्वांनी गृहीत धरली होती.

१२. या कुलपाची तार कोठून येते, ते मला ठाऊक आहे. नियंत्रण साहेबांच्या हाती असावे म्हणून ती खाली आपल्या खोलीत नेली असून आपल्या खुर्चीमागच्या सॉकेटमध्ये तिचा काळा अडॅप्टर आहे. मी टोपलीतून शिपाईदादांना चिठ्ठी पाठवली. त्यांनी खालूनच तोंडाशी हात धरून उत्तर दिले: ‘नाना, ते होय! सात तारखेला साहेबांकडे पाहुणे आले होते. साहेब म्हणाले, चहा ठेव. सॉकेट एकच. त्यात तो काळा ठोकळा होता, काढून खिडकीत ठेवला आणि किटली लावली. त्याच्या शेपटीला तुम्ही तिघं बांधलेले आहात हे मला काय माहीत?’ इतके दिवस बोलला का नाहीस, असे विचारल्यावर म्हणाले, ‘तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही रोज गणिताचे कागद पाठवत होतात, मला वाटलं मोठं काहीतरी आहे.’ अडॅप्टर पुन्हा लावून टाक, असे मी ओरडलो. ते लावायला निघालेही होते. परंतु कारकुनांनी त्यांना दारातच अडवून दाखवून दिले की, प्लग लावणे म्हणजे सर्किट पूर्ण करणे, सर्किट पूर्ण करणे म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्तीपूर्वी निवडलेल्या सॉफ्टवेअरचा अहवाल आवश्यक आहे. अपवाद फक्त साहेबांचा. परिपत्रक साहेबांनीच काढलेले असल्याने साहेबांच्या हाताला ते लागू होत नाही.

१३. सबब समितीने काल सायंकाळी तिसरे सॉफ्टवेअर घेतले, आणि तेच एकमताने निवडले आहे, हे या अर्जाद्वारे कळवितो. हेही मोफतच आहे. त्याचे मदतीचे पान परक्या भाषेत आहे, दिसायला ते रुक्ष आहे, आणि चित्रापेक्षा समीकरणे मागते. परंतु त्यात कॉइल आणि दार एकाच कागदावर बसतात, आणि मुख्य म्हणजे ते काहीही गृहीत धरत नाही. बाईंनी त्यात सर्व घातले: कॉइल, खिटी, दार, दाराशी धरून ठेवलेले कार्ड, घर्षण, तार, अडॅप्टर, सॉकेट, किटली. शिपाईदादांचा हातही घातला. परंतु आदेशाशिवाय तो हलत नसल्याने त्याची किंमत शून्य भरावी लागली. सरतेशेवटी आपला हात घातला. त्यावर सॉफ्टवेअर थांबले आणि त्याने लाल अक्षरांत कळवले की, अज्ञाते सतरा आहेत आणि समीकरणे सोळा. एका गोष्टीची माहिती अपुरी असल्याने दार उघडते की नाही, हे मी सांगू शकत नाही. पहिल्याने सांगितले उघडते, दुसऱ्याने सांगितले उघडतेच उघडते. हे तिसरे एकटेच म्हणाले की मला माहीत नाही, विचारून सांगा. त्याची निवड करण्यास समितीला एवढे कारण पुरेसे वाटले.

१४. ती अपुरी माहिती अशी: हा अर्ज आपल्या टेबलावर आल्यापासून आपण खुर्चीतून उठून, मागे वळून, किटलीचा प्लग काढून अडॅप्टर लावीपर्यंत किती वेळ जातो. बाईंनी नमुन्यादाखल दहा सेकंद घालून पाहिले, तेव्हा दार साडेदहाव्या सेकंदाला उघडले. दहा दिवस घातले, तेव्हाही ते उघडले, पण शुक्रवार गेला होता. दोन्ही वेळा गणित बरोबर आहे. वायरमन म्हणाले, ‘नाना, तुम्हीच टाका की एखादा आकडा. जन्मभर तुम्हाला कधी आकड्याची अडचण पडली?’ महोदय, ते खरे आहे. मी आयुष्यात पुष्कळ आकडे मनाने घातले. डबे, वर्ग, मुंगसे, सर्व काही वाढवून सांगितले, आणि त्याने कोणाचे नुकसान झाल्याचे मला आठवत नाही. पण हा एक आकडा मला मनाने घालता येईना. तीनदा बोट ठेवले आणि तीनदा उचलले.

तरी कृपा करून तो आकडा आपल्या हस्ताक्षरात कळवावा, ही विनंती. लेखी कळवणे गैरसोयीचे वाटल्यास करून दाखवला तरी चालेल. दार उघडल्याचा आवाज आल्यावर सेकंद आम्ही इकडे मोजून घेऊ.

आपला नम्र, आणि अजून आतलाच,

(सही)
सेवानिवृत्त उपकरणपाल,
सदस्य, सॉफ्टवेअर निवड समिती
उर्फ लोणकढेनाना

प्रयोगशाळा क्रमांक सहा, दिनांक १६, बुधवार, सकाळी आठ.

सोबत:
१) तिसऱ्या सॉफ्टवेअरचा अपुरा अहवाल, पाने चार.
२) नेत्ररुग्णालयाच्या पत्राची प्रत, तारीख व वेळ अधोरेखित.
३) समितीच्या इतर दोन सदस्यांच्या सह्या. (वायरमनची सही शाईत आहे, पकडीने केलेली नाही, याची खात्री करून घ्यावी.)
४) एक कोरा चौकोन. उत्तर सेकंदांत भरावे.